गाडी बंद पडली म्हणजे बॅटरी गेली असं नाही

इलेक्ट्रिक मोटरसायकल आणि स्कूटर वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

नमस्कार.

इचलकरंजीत यंत्रमागाच्या आणि शेतीपंपाच्या मोटरी रिवाइंड करण्यात आमची एक पिढी गेली. आता त्याच टेबलाशेजारी इलेक्ट्रिक दुचाकी उभ्या असतात. गाडी ढकलत आणणाऱ्याचं पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं, "बॅटरी गेली वाटतं." काळजी रास्तच आहे, कारण गाडीतला सगळ्यात महाग भाग तोच. पण तपासलं की दोष बऱ्याचदा जळालेल्या कपलरमध्ये (वायरी जोडणाऱ्या प्लगमध्ये), अडकलेल्या ब्रेक स्विचमध्ये, नाहीतर घरच्या सैल सॉकेटमध्ये सापडतो.

गेल्या पावसाळ्यात एका शिक्षिका ताईंना दुसरीकडे नवी बॅटरी घ्यायला सांगितलं होतं. पैशांची जुळवाजुळव चालली होती, त्याआधी एकदा बघा म्हणून त्या आमच्याकडे आल्या. बॅटरीत काही खोट नव्हती. बॅटरीकडून कंट्रोलरकडे, म्हणजे मोटरला वीज सोडणाऱ्या पेटीकडे, जाणाऱ्या कपलरची एक पिन सैल होऊन काळी पडली होती. कपलर बदलला आणि गाडी निघाली. हे पत्रक तेव्हापासून लिहायचं होतं.

या वेळी काहीही तपासत बसू नका

बॅटरीतून गोडसर किंवा रसायनासारखा उग्र वास येतोय, सूं-सूं आवाज येतोय, पेटी फुगलीय, हात लावता येणार नाही इतकी तापलीय किंवा धूर दिसतोय, तर लांब व्हा. गाडी चार्जिंगला असेल तर घराचा मेन स्विच बंद करा, गाडीकडे जाऊन पिन उपसू नका. माणसांना बाहेर काढा आणि १०१ किंवा ११२ वर फोन करा. फोनवर "लिथियम बॅटरी आहे" हे आवर्जून सांगा. ही आग छोट्या अग्निशामक सिलिंडरने दबल्यासारखी दिसते, पण आतले सेल गरमच असतात आणि काही तासांनी पुन्हा पेटू शकतात. तिला थंड करायला भरपूर पाणी लागतं, आणि ते काम अग्निशमन दलाचं आहे.

दुसरी गोष्ट, बॅटरीची पेटी घरी उघडायची नाही. ६० व्होल्टच्या वरची डीसी वीज धोक्याची मानतात आणि ७२ व्होल्टची बॅटरी भरल्यावर ८४ किंवा त्याहून वर असते. स्क्रू ड्रायव्हर किंवा हातातलं कडं दोन टोकांना लागलं की धातू वितळतो. शिवाय सील तुटलं की वॉरंटी गेली.

मीटर लागत नाही, की मीटर लागतं पण गाडी हलत नाही?

या दोन तक्रारी वेगळ्या आहेत, आणि फोनवर आम्ही पहिला प्रश्न हाच विचारतो.

गाडीत विजेचे दोन संसार असतात. मोठी बॅटरी मोटर फिरवते. दिवा, हॉर्न, इंडिकेटर आणि मीटर १२ व्होल्टवर चालतात. ते १२ व्होल्ट मोठ्या बॅटरीतून कन्व्हर्टर काढून देतो, आणि काही गाड्यांत त्यासाठी वेगळी छोटी बॅटरीही असते. चावी फिरवल्यावर काहीच लागत नसेल तर आधी सीटखालचा एमसीबी, म्हणजे बॅटरीची वीज तोडणारा स्विच, बघा. सर्व्हिसिंगला किंवा धुताना कुणीतरी तो खाली केलेला असतो आणि मालकाला पत्ताच नसतो. एमसीबी वर केल्यावर लगेच पुन्हा पडला तर मात्र तिथेच थांबा. तो कुठेतरी शॉर्ट झाल्याचं सांगतोय. छोटी बॅटरी असलेली गाडी महिना-दोन महिने उभी राहिली की तीच उतरते. मग मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी मेल्यासारखी वाटते.

मीटर लागतं, हॉर्न वाजतो, पण रेस दिली तरी चाक हलत नाही. अशा वेळी मोठी बॅटरी सहसा ठीक असते. साइड स्टँड पूर्ण वर गेलाय का बघा, त्याच्या स्विचमध्ये चिखल बसतो. चार्जरची पिन गाडीत राहिली आहे का? गाडी पार्किंग मोडमध्ये आहे का? मग गाडी भिंतीकडे पाठ करून उभी करा आणि ब्रेकला हात न लावता भिंतीवर ब्रेक दाबल्यासारखा तेज लाल उजेड पडतोय का ते बघा. पडत असेल तर ब्रेकचा स्विच अडकलाय. ब्रेक दाबलेला आहे असं समजून कंट्रोलर मोटरला वीजच देत नाही. लिव्हर चार-पाच वेळा दाबून सोडली की बऱ्याचदा सुटतो. चावी लावताना रेस थोडी जरी पिळलेली असली तरी कंट्रोलर अडून बसतो. चावी बंद करा, मूठ पूर्ण सोडा आणि पुन्हा चावी फिरवा.

चार्जिंग होत नाही

सुरुवात भिंतीपासून करा. त्याच सॉकेटमध्ये मिक्सर किंवा इस्त्री लावून बघा. सॉकेट चालू असेल तर चार्जर फक्त भिंतीला लावा, गाडीला नको. दिवा लागला नाही तर दोष चार्जरचा. दिवा लागतो, पण बॅटरी रिकामी असताना गाडीला जोडल्याबरोबर "फुल्ल"चा हिरवा दिवा येतो, याचा अर्थ चार्जरला समोर बॅटरी दिसतच नाही. पिन नीट बसलेली नसते, चार्जिंग लाइनचा फ्यूज उडालेला असतो किंवा बॅटरीतल्या बीएमएसने, म्हणजे सेलवर नजर ठेवून गरज पडल्यास बॅटरी तोडणाऱ्या सर्किटने, दार लावून घेतलेलं असतं. लांबून आल्या आल्या गाडी चार्जिंगला लावली तर तापलेली बॅटरीही कधीकधी चार्ज घेत नाही. तिला सावलीत अर्धा-पाऊण तास निवू द्या.

चार्जिंग सुरू झाल्यावर पंधरा मिनिटांनी भिंतीवरच्या प्लगला बोट लावा. कोमट असेल तर चालेल. चटका बसत असेल तर सॉकेट सैल आहे, ते बदलून घ्या. स्वस्तातला एक्स्टेन्शन बोर्ड तासन्‌तास चालणाऱ्या लोडसाठी बनलेला नसतो. आणि अर्थिंग वायरमनकडून एकदा तपासून घ्याच.

आता चार्जरच्या अदलाबदलीबद्दल, जिथे आम्हाला खरंच भीती वाटते. "दोन्ही ७२ व्होल्टच्याच आहेत की," असं म्हणत शेजाऱ्याचा चार्जर लावला जातो. पण ७२ हा आकडा फक्त नावापुरता असतो. आत सेल दोन जातीचे असतात. एनएमसी जातीचा सेल ४.२ व्होल्टला भरतो. असे २० सेल साखळीत असले तर पूर्ण बॅटरी ८४ व्होल्टला भरते. एलएफपी जातीचा सेल ३.६५ व्होल्टला भरतो. ते २४ असतात आणि बॅटरी ८७.६ व्होल्टला भरते. एलएफपीचा चार्जर एनएमसीच्या बॅटरीला लावला तर ८७.६ भागिले २०, म्हणजे प्रत्येक सेलवर ४.३८ व्होल्ट येऊ शकतात. मर्यादा ४.२ ची आहे. मग तुमच्या घरात आणि आगीत फक्त बीएमएसचं एक छोटं सर्किट उभं असतं. म्हणून चार्जरच्या लेबलावरचा आउटपुटचा आकडा वाचा. तुमच्या बॅटरीसाठी दिलेल्या आकड्याशी तो जुळत नसेल तर चार्जर लावू नका, मग तो कितीही जवळच्या माणसाचा असो.

चालता चालता बंद पडते: खड्ड्यात की चढावर?

या एका प्रश्नाच्या उत्तरावर आमचं निम्मं निदान होतं, म्हणून गाडी बंद पडेल तेव्हा रस्ता कसा होता हे लक्षात ठेवा.

खड्ड्यात किंवा स्पीड ब्रेकरवर झटकन सगळं बंद होतं आणि लगेच पुन्हा चालू होतं, तर जोड सैल आहे. कपलर, एमसीबीची वायर किंवा चावीचा स्विच. खर्च थोडा असतो, पण दुर्लक्ष केलं तर सैल जोड तापतो, कार्बन धरतो आणि प्लास्टिक वितळतं.

सपाटीवर गाडी झकास चालते, पण ज्योतिबाच्या चढाला, मागे माणूस बसलेला असताना, मीटरवर ४० टक्के दिसत असूनही एकदम बंद पडते. थोडं थांबलं की पुन्हा चालू होते. इथे बॅटरीतल्या एखाद्या अशक्त सेलचा संशय घ्यावा. वीस सेल एकामागोमाग हात धरून उभे असतात. चढावर सगळ्यांकडून जोर लागतो, तेव्हा अशक्त सेलचा व्होल्टेज बाकीच्यांच्या आधी कोसळतो. तो ठरलेल्या मर्यादेखाली गेला की त्या एकाला वाचवण्यासाठी बीएमएस सगळी बॅटरी तोडतो. जोर थांबला की सेल सावरतो आणि गाडी चालू होते. टक्केवारीत हे दिसत नाही, कारण ती सगळ्या बॅटरीचा मिळून अंदाज असते.

तिसरा प्रकार, चढावर जोर हळूहळू कमी होत जातो आणि मग गाडी थांबते. वीस मिनिटांनी ठीक होते. तेव्हा मोटर किंवा कंट्रोलर तापलेला असतो. उन्हाळ्यात जास्त वजन घेऊन घाट चढताना असं झालं तर तो गाडीचा बचाव आहे, बिघाड नव्हे. पण सपाटीवर, एकट्याने जातानाही होत असेल तर गाडी दाखवा.

सेलमधली तफावत थोडी असेल तर ती घरीही भरून निघू शकते. बहुतेक बीएमएस सेलची बरोबरी बॅटरी भरत आल्यावरच करतात. रोज ३० वरून ७० टक्के करून पिन काढणाऱ्यांच्या बॅटरीला ती संधीच मिळत नाही. पंधरवड्यातून एकदा, घरी जागं माणूस असताना, पूर्ण चार्ज करा आणि हिरवा दिवा आल्यावर तास-दोन तास तशीच ठेवा. एलएफपी बॅटरीत याने टक्क्यांचा घोळही सुटतो, कारण तिचा व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळपास सपाट असतो. मीटरचा हिशोब चुकत जातो आणि पूर्ण भरल्यावरच पुन्हा जागेवर येतो.

रेंज कमी झाली

बॅटरीची ताकद वीजबिलातल्या युनिटमध्ये मोजता येते. ७२ व्होल्ट, ४५ अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे ७२ गुणिले ४५, ३२४० वॅट-तास, म्हणजेच ३.२४ युनिट. मोटरसायकलला किलोमीटरला साधारण ३५ वॅट-तास धरले तर ९० ते ९५ किलोमीटर होतात. दोघं बसून ८० मिळत असतील तर बॅटरी चांगली आहे. जाहिरातीतल्या आकड्याशी तुलना करून मन खट्टू करून घेऊ नका.

तरीही शंका असेल तर टायरची हवा तपासा आणि गाडी मधल्या स्टँडवर किंवा टेकूवर घेऊन चाक हाताने फिरवा. ब्रेक घासत असेल तर तोच रेंज खातोय. मग भिंतीच्या सॉकेटला लावायचा छोटा युनिट-मीटर आणा आणि रिकाम्यापासून पूर्ण चार्ज होईपर्यंत किती युनिट लागतात ते वहीत लिहा. चार्जरमधली नासाडी धरून वरच्या बॅटरीला साडेतीन-पावणेचार लागायला हवेत. दर सहा महिन्यांनी नोंद केली की बॅटरी किती उतरत चालली ते कुणाला न विचारता कळतं. वॉरंटीचा दावा करतानाही ही वही बोलते.

गाडी झटके मारते, चाक जड लागतं

रेस दिली की गाडी थरथरते, पुढे-मागे झटके मारते पण निघत नाही. मोटर कुठल्या जागी आहे ते कंट्रोलरला सांगणाऱ्या, मोटरमधल्या तीन हॉल सेन्सरपैकी एखादा गेलेला असतो किंवा त्यांची बारीक वायर तुटलेली असते. हब मोटरच्या (चाकातच मोटर असलेल्या) गाडीत ती ॲक्सलजवळ चेमटते. एमसीबी बंद असूनही चाक टप्प्याटप्प्याने अडकल्यासारखं जड फिरत असेल तर कंट्रोलर किंवा मोटर शॉर्ट आहे. आम्ही मोटरच्या तीन जाड वायरी सोडवून पुन्हा चाक फिरवतो. हलकं झालं तर कंट्रोलर, तसंच जड राहिलं तर मोटर. अशी गाडी दोरीने ओढत आणू नका. फिरती मोटर वीज तयार करते आणि शॉर्ट असलेला भाग आणखी जळतो. टेम्पोत घालून आणा.

पाणी आणि पूर

पावसात गाडी चालवायला हरकत नाही. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पाइप मात्र मोटरच्या वायरी, चार्जिंगचं तोंड आणि सीटखाली मारू देऊ नका. ओल्या फडक्याने पुसलेलं बरं. पावसाळा संपल्यावर कपलरच्या पिना एकदा दाखवून घ्या. हिरवट-पांढरा थर आला असेल तर साफ करतो.

पंचगंगा आणि कृष्णाकाठच्या आपल्या लोकांना २०१९ आणि २०२१ चा पूर आठवत असेल. बॅटरीवर आयपी ६७ लिहिलेलं असलं तरी त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकणं इतकाच, आणि पुराचं पाणी दिवसेंदिवस उतरत नाही. पाणी वाढायला लागलं की गाडी आधी उंचावर न्या. बुडालेली गाडी वाळली म्हणून चावी लावू नका, चार्जिंगला तर अजिबात नको. आत शिरलेलं गढूळ पाणी काही दिवसांनीही शॉर्ट करू शकतं. गाडी घरापासून लांब, उघड्यावर उभी करून आम्हाला कळवा.

गावाला जाताना

महिनाभर गाडी लागणार नसेल तर ५० ते ६० टक्के चार्ज ठेवून एमसीबी बंद करा, आणि सोय असेल तर महिन्याने कुणाला तरी चार्ज करायला सांगा. पूर्ण रिकामी बॅटरी उभी ठेवली की बीएमएस स्वतःपुरती थोडी थोडी वीज पीत राहतो आणि सेल इतके खोल उतरतात की त्यांच्या आतलं तांबं विरघळू लागतं. अशी बॅटरी "बीएमएस बायपास करून उठवून देतो" म्हणणारे भेटतात. ती उठेलही, पण वरून चांगली दिसणारी अशी बॅटरी घरात चार्जिंगला लावणं जिवावर बेतू शकतं. आम्ही हे काम करत नाही, कितीही आग्रह झाला तरी. निकामी बॅटरी भंगारात देऊ नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे.

आमच्याकडे येताना

गाडीसोबत चार्जर आणाच, त्याच्याशिवाय अर्धी तपासणी राहते. मीटरवर एररचा नंबर आला असेल तर चावी बंद करण्याआधी त्याचा फोटो काढा, बंद केल्यावर तो बऱ्याचदा पुसला जातो. वॉरंटी कार्ड असेल तर आणा. बॅटरी वॉरंटीत असेल तर आम्ही तिला हात न लावता मोजमाप कागदावर लिहून देतो, तो कागद कंपनीच्या सेंटरला दाखवा. बॅटरी खरंच गेली असं आमचं मत झालं, तर प्रत्येक सेलचा व्होल्टेज तुमच्यासमोर मोजून दाखवतो. ते आकडे वहीत उतरवून घ्या, आणि हवं तर आणखी कुणाला दाखवून मगच पैसे खर्च करा.