नाव सांगा, पत्ता मिळेल. पण विचारायचं कोणाला?

वेबसाइट नव्या सर्व्हरवर हलवली की एक गोंधळ ठरलेला. टर्मिनलवर नावाचा पत्ता शोधणारा ‘डिग’ हा प्रोग्रॅम नवा पत्ता दाखवतो, मशीन उत्तर देतं का ते पाहणारा ‘पिंग’ जुन्याच मशीनला जाऊन धडकतो आणि ब्राउझर तिसरंच काही उघडतो. तिघांपैकी कोणीच खोटं बोलत नसतं. तिघांनी वेगवेगळ्या ठिकाणी चौकशी केलेली असते, एवढंच. ही ठिकाणं एका वेळी, एका आराखड्यावर बांधलेली नाहीत. गेल्या पन्नास वर्षांत एकावर एक मजले चढत गेले आणि जुना मजला कोणी पाडला नाही.

सगळ्यात खालचा मजला म्हणजे होस्ट्स फाइल, मशीनची नावं आणि त्यांचे पत्ते यांची साधी यादी. इंटरनेटचं पूर्वरूप असलेल्या अर्पानेटच्या सुरुवातीच्या काळात प्रत्येक संस्था इतर मशीनच्या नावांची स्वतःची यादी ठेवत असे. एकाच मशीनला इथे एक नाव, तिथे दुसरं. सप्टेंबर १९७१ मध्ये पेगी कार्प यांनी नावं सगळीकडे सारखी असावीत असा प्रस्ताव मांडला. तरीही डिसेंबर १९७३ मध्ये पीटर डॉइच यांना लिहावं लागलं की प्रत्येकाने वेगळी आणि बहुधा शिळी झालेली यादी सांभाळत बसायचं हा प्रकार हास्यास्पद आहे. त्यानंतर कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क इथल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एकच अधिकृत यादी ठेवली जाऊ लागली. तिथल्या माहिती केंद्राच्या प्रमुख होत्या एलिझाबेथ फाइनलर. नवं मशीन जोडायचं तर त्यांच्या केंद्राला कामाच्या वेळेत फोन करायचा, ते यादीत नोंद करणार, आणि मग बाकीच्यांनी ती ‘होस्ट्स डॉट टीएक्सटी’ फाइल आपापल्या मशीनवर उतरवून घ्यायची.

यादीतल्या नावांचे नियमही तिथेच ठरले: रोमन अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ, बाकी काही नाही. हा नियम पुढे देवनागरी नावांच्या आड कसा आला, ते ओघात येईलच.

मशीन वाढली तशी ही पद्धत दमली. यादी मोठी, बदल रोजचे, आणि प्रत्येक बदलासाठी सगळ्यांनी सगळी फाइल पुन्हा ओढायची. त्यावर वेगवेगळे प्रस्ताव आले. त्यांतून मध्यम मार्ग काढण्याचं काम जॉन पोस्टेल यांनी सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमधल्या पॉल मोकापेट्रिस यांच्याकडे सोपवलं. मोकापेट्रिस यांनी मध्यम मार्ग बाजूला ठेवला आणि स्वतःची नवी रचना मांडली. नोव्हेंबर १९८३ मध्ये ती दोन दस्तऐवजांत प्रसिद्ध झाली. डोमेन नेम सिस्टिम, म्हणजे डीएनएस, ती हीच. यादी एका जागी नाही. प्रत्येक विभागाचा कारभार त्या त्या विभागाकडे. आणि मिळालेलं उत्तर किती वेळ जपून वापरायचं हे उत्तरातच लिहिलेलं.

मात्र होस्ट्स फाइल गेली नाही. युनिक्सवर ती ‘ईटीसी’ फोल्डरमध्ये राहिली. विंडोजवरही सिस्टिम३२ च्या आत ‘ड्रायव्हर्स’ आणि त्याच्या आत ‘ईटीसी’ असं एक फोल्डर आहे आणि होस्ट्स फाइल तिथेच असते. विंडोजमध्ये ‘ईटीसी’ कुठून आलं, असा प्रश्न पडलाच तर उत्तर बर्कलीच्या युनिक्सकडे जातं.

त्याच बर्कलीत १९८४ मध्ये चार विद्यार्थ्यांनी युनिक्ससाठी डीएनएस सर्व्हर लिहिला. त्याचं नाव बाइंड. सर्व्हर चालू झाला की तो बरोबर उत्तर देतो का, हे तपासायला काहीतरी हवंच. त्या गरजेतून अँड्रू चेरेन्सन यांचा ‘एनएसलुकअप’ आला. तो एकटा उघडून बसता येतो, आत प्रश्नाचा प्रकार बदलता येतो आणि ओळीने नावं विचारत राहता येतं. पण त्याला काही खोडी होत्या. प्रश्न विचारण्याआधी तो स्वतःच्या सर्व्हरच्याच पत्त्यावरून त्याचं नाव शोधायचा, आणि ते सापडलं नाही तर मूळ प्रश्न विचारण्याआधीच काम थांबवायचा. सर्व्हर धडधाकट, शोधायचं नावही बरोबर, पण पत्त्यावरून नाव सांगणारी उलटी नोंद कोणी केली नाही म्हणून सगळं अडलेलं. याने कित्येक अॅडमिनची रात्र खाल्ली असेल. शिवाय त्याचं ‘नॉन-ऑथॉरिटेटिव्ह आन्सर’ हे शीर्षक वाचून आजही नवखे घाबरतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. उत्तर मूळ सर्व्हरकडून थेट न येता मधल्या कुणाच्या साठ्यातून आलं, इतकाच त्याचा अर्थ.

‘होस्ट’ हा सुटसुटीत प्रोग्रॅम रटगर्स विद्यापीठातून आला. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, तो मुकाट काम करतो. खरी करामत ‘डिग’ची. तो इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे डीएनएसच्या जन्मगावीच, स्टीव्ह हॉट्झ यांनी लिहिला. जुन्या मॅन्युअलमध्ये त्यांनी मोकळेपणाने नोंदवलंय की आतली काही फंक्शन्स चेरेन्सन यांच्या एनएसलुकअपमधून घेतली आहेत. म्हणजे जे दोघे पुढे प्रतिस्पर्धी म्हणून ओळखले गेले, त्यांचं नातं सुरुवातीपासून घरातलंच होतं.

डिगचा मोठेपणा हा की तो उत्तर सजवत नाही. सर्व्हरने पाठवलेलं पाकीट उघडतो आणि आत जे आहे ते जसंच्या तसं मांडतो. वर मथळा: स्थिती ‘नोएरर’, ‘एनएक्सडोमेन’ की ‘सर्व्हफेल’. मग झेंडे, प्रश्न, उत्तर, आणि तळाशी कोणत्या सर्व्हरने किती मिलिसेकंदांत उत्तर दिलं ते. टिपणीच्या ओळींपुढे अर्धविराम असतो, कारण सर्व्हरच्या झोन फाइलमध्ये, म्हणजे त्याच्या विभागातल्या नोंदींच्या फाइलमध्ये, टिपणी तशीच लिहितात. उत्तराची ओळ उचलून थेट झोन फाइलमध्ये चिकटवता येते. ‘नोएरर’ आलं पण उत्तराची जागा रिकामी, आणि ‘एनएक्सडोमेन’, या दोन गोष्टी एक नाहीत. पहिल्यात नाव अस्तित्वात आहे, पण विचारलेल्या प्रकारची नोंद नाही. दुसऱ्यात नावच नाही. मेल का जात नाही याचा निम्मा तपास या एका फरकावर लागतो.

उत्तराच्या ओळीत नावानंतर येणारा आकडा तर सोन्यासारखा. समजा तिथे ३०० आहे. काही सेकंदांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला की २८३, मग २७०. हे उत्तर साठ्यातून येतंय आणि एवढे सेकंद अजून येत राहील, असा त्याचा अर्थ. गुगलच्या ८.८.८.८ या डीएनएस सर्व्हरला विचारलं तर आकडा कधी खाली, कधी वर उड्या मारतो. एका पत्त्यामागे अनेक मशीन आणि प्रत्येकाचा साठा वेगळा असल्याची ती खूण. ‘डीएनएस पसरायला ४८ तास लागतात’ हे होस्टिंगवाल्यांचं आवडतं वाक्य याच आकड्यापुढे उघडं पडतं. काहीच पसरत नसतं. जुनी उत्तरं मुदत संपेपर्यंत साठ्यांत पडून राहतात, बस. ४८ तास हा आकडा अगदी हवेतून आलेला नाही. कोणत्या नावाचे सर्व्हर कोणते, या ‘.कॉम’च्या नोंदींची मुदत १,७२,८०० सेकंद, म्हणजे बरोबर दोन दिवस असते. २००४ पर्यंत ‘.कॉम’ची झोन दिवसातून दोनदाच ताजी होत असे, ती सवयही या वाक्यात मुरली असावी. आणखी एक गंमत: ‘नाही’ हे उत्तरसुद्धा साठवलं जातं, त्याचे नीट नियम १९९८ मध्ये ठरले. नोंद करण्याआधीच उतावीळपणे नाव शोधून पाहिलं, तर ते ‘नाही’ काही काळ तुमच्याच वाट्याला येत राहतं.

२००० मध्ये बाइंडची नववी आवृत्ती जवळपास मुळापासून नव्याने लिहिली गेली. तेव्हापासून डिग, होस्ट आणि एनएसलुकअप या तिन्हींच्या पोटात बराचसा एकच कोड आहे. त्याच वेळी एनएसलुकअप चालवला की एक सूचना झळकू लागली: हा प्रोग्रॅम आता मोडीत निघतोय, डिग किंवा होस्ट वापरा. लोकांनी ती वाचली आणि एनएसलुकअपच वापरत राहिले. काही वर्षांनी बाइंडवाल्यांनी सूचना काढून टाकली आणि त्याचं मॅन्युअल नव्याने लिहिलं. हा शहाणपणाचा निर्णय होता असं मला वाटतं. विंडोज एनटीपासून ज्याच्या हातात एनएसलुकअपच आहे, त्याला डिगचे गोडवे ऐकवून काय उपयोग?

जुलै २००८ मध्ये डॅन कॅमिन्स्की यांनी शोधलेली डीएनएसमधली मोठी खोट जाहीर झाली. साठा करणाऱ्या सर्व्हरला खोटं उत्तर खरं म्हणून गळी उतरवता येत होतं, आणि बचाव होता प्रत्येक प्रश्नासाठी बाहेर पडण्याचा पोर्ट, म्हणजे मशीनच्या दाराचा क्रमांक, यदृच्छेने बदलण्याचा. आपला सर्व्हर सुरक्षित आहे का, हे कसं पाहायचं? डीएनएस-ओआर्क या संस्थेने एक खास नाव तयार केलं. डिगने त्या नावाची मजकूर-नोंद मागितली की उत्तरात ‘ग्रेट’, ‘गुड’ किंवा ‘पुअर’ असा शेरा यायचा. परीक्षा, उत्तरपत्रिका आणि निकाल, सगळं एका डीएनएस प्रश्नात.

‘हूइज’चं मूळ वेगळं आहे. तो पत्ता सांगत नाही, मालक सांगतो. मार्च १९८२ मध्ये फाइनलर यांच्याच केंद्रातल्या केन हॅरेनस्टीन आणि व्हिक व्हाइट यांनी त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं: ४३ क्रमांकाच्या पोर्टवर जोडायचं, नाव पाठवायचं, आलेला मजकूर वाचायचा. त्याच दस्तऐवजात अर्पानेट वापरणाऱ्या प्रत्येकाने आपलं नाव, टपालाचा पत्ता, फोन आणि मेलबॉक्स नोंदवावा अशी विनंती होती. सगळे एकमेकांना ओळखत होते, त्या काळात हे चाललं. पुढे व्यापार आला, स्पॅम आला, आणि मे २०१८ मध्ये युरोपचा खासगीपणाचा कायदा लागू झाल्यावर हूइजच्या उत्तरात मालकाच्या जागी ‘झाकलेलं’ अशा ओळी दिसू लागल्या. उत्तराला ठरावीक साचा नसणं ही त्याची दुसरी दुखरी बाजू. प्रत्येक नोंदणीवाला आपल्या मनाने छापणार. त्याची जागा घेणारा आरडॅप २०१५ मध्ये प्रमाणित झाला, आणि २८ जानेवारी २०२५ पासून ‘.कॉम’सारख्या सर्वसाधारण नावांसाठी जुनी हूइज सेवा चालवण्याचं बंधन संपलं. ‘.इन’सारखी देशांची नावं या बंधनात नव्हतीच.

‘.इन’चं खातं १९८९ मध्ये उघडलं आणि २००५ पर्यंत त्याचा कारभार मुंबईतून, जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीमधून चालला. त्या काळात ‘.इन’खाली थेट नाव मिळत नसे. कंपनी असेल तर ‘.को.इन’, विद्यापीठ असेल तर ‘.एसी.इन’. २००५ मध्ये कारभार नॅशनल इंटरनेट एक्सचेंज ऑफ इंडिया, म्हणजे निक्सीकडे गेला आणि थेट नावं खुली झाली.

२७ ऑगस्ट २०१४ रोजी ‘.भारत’ आलं. देवनागरीतल्या त्या शेपटीत हिंदीबरोबर मराठी आणि कोकणीही धरलेल्या होत्या. पण तारेवरून ‘भारत’ जात नाही. होस्ट्स फाइलच्या काळातला अक्षर-आकडा-रेघ हा नियम पाळायचा म्हणून ते ‘एक्सएन’, दोन रेघा आणि ‘एच२बीआरजे९सी’ असं होऊन जातं. डिग बांधताना या रूपांतराची लायब्ररी जोडलेली असेल तर देवनागरी नाव टाकलं की तो ते स्वतः बदलतो. नसेल तर ‘भ’ म्हणजे २२४, १६४, १७३ असे तीन बाइट सरळ पाठवतो, पडद्यावर तिरक्या रेघांसह तेच आकडे छापतो, आणि वरून ‘एनएक्सडोमेन’ परत येतं. रूपांतराचे २००३ चे नियम तर अदृश्य जोडचिन्हं सरळ गाळायचे. जोडचिन्ह वापरून ‘दऱ्या’ टंकलं तर त्याचं ‘दर्या’ व्हायचं. डोंगरातली वस्ती समुद्रात! पुढच्या नियमांत हलन्तानंतर ते चिन्ह चालवून घेतलं गेलं.

आता सुरुवातीच्या तीन उत्तरांकडे. पिंग मशीनच्या सिस्टिमला विचारतो; लिनक्सवर ‘एनएसस्विच’ या फाइलमध्ये क्रम लिहिलेला असतो, आणि बहुतेक ठिकाणी होस्ट्स फाइल आधी, डीएनएस नंतर. डिगला त्या फाइलशी देणंघेणं नाही, तो थेट डीएनएसकडे जातो. सिस्टिमला जे दिसतं तेच पाहायचं असेल तर ‘गेटएंट’ वापरावा. उबुंटूवर डिगच्या तळाशी सर्व्हर म्हणून १२७.०.०.५३ दिसतो, तो बाहेरचा कोणी नाही, आपल्याच मशीनवर बसलेला मध्यस्थ आहे. आणि २०१८ मध्ये डीएनएसचे प्रश्न एचटीटीपीएसमधून पाठवण्याचं प्रमाण ठरल्यापासून ब्राउझर या सगळ्यांना वळसा घालून परस्पर दुसऱ्याच सर्व्हरला विचारू शकतो. जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या बाइंड ९.१८ पासून डिगलाही ‘+एचटीटीपीएस’ हा पर्याय आहे. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जो सर्व्हर नेमलेला असेल, त्याचं नाव देऊन याच पर्यायाने विचारायचं.