कोरड्या महिन्यांचा हिशेब

महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि फलटणला जेमतेम पाचशे. सरळ रेषेत मोजलं तर दोन्ही गावांत शंभर किलोमीटरही अंतर नाही. सकाळी अंजनी-जांभळाच्या काळोख्या, शेवाळलेल्या रानातून निघालेला माणूस दुपारी बोरी-बाभळी आणि हिवरांच्या उघड्या माळावर पोचतो. शाळेच्या नकाशात भारताची वनं रंगांनी दाखवलेली असतात. पाऊस भरपूर तिथे सदाहरित, मध्यम तिथे पानझडी, कमी तिथे काटेरी. नकाशा खोटा नाही, पण एक गोष्ट त्यात दिसत नाही. वर्षभरात एकूण किती पाणी पडलं याच्याइतकंच, पाण्याशिवाय सलग किती महिने काढायचे आहेत, यावर झाडाचं जगणं ठरतं.

सह्याद्रीची रांग दक्षिणेकडून उत्तरेकडे पाहत आलं की हे नीट कळतं. केरळ-तमिळनाडूच्या सीमेवरच्या अगस्त्यमलईत नैऋत्य मोसमी पाऊस ओसरतो न ओसरतो तोच ईशान्येचा सुरू होतो, त्यामुळे कोरडे महिने दोन-तीनच. उत्तरेकडे सरकावं तसे ते वाढत जातात आणि महाराष्ट्रात सात-आठ होतात. आपल्या आंबोलीला केरळातल्या कित्येक ठिकाणांहून अधिक पाऊस होतो, पण तो सारा चार महिन्यांत कोसळून संपतो. म्हणून उत्तरेकडे सदाहरित झाडांच्या जाती कमी होत जातात आणि महाबळेश्वरच्या माथ्यावरचं रान तर बुटकंच राहतं.

झाडांमागून प्राणीही याच हिशेबात येतात. सिंहपुच्छ माकडाला बारा महिने या ना त्या झाडावर फळं हवीत. ते आज उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिरसी-होन्नावरच्या रानापर्यंतच सापडतं, त्यापुढे नाही. शेकरू मात्र भीमाशंकरपर्यंत आलं, कारण फळं नसली की ते बिया, फुलं, कोवळी पालवी, प्रसंगी सालसुद्धा खाऊन भागवतं. त्याची अट वेगळी आहे: फांदीला फांदी लागलेली हवी. मध्ये रुंद रस्ता निघाला की त्याच्या रानाचे दोन तुकडे होतात.

घाट उतरून विदर्भाकडे गेलं की सागाचं राज्य. सागाचं पान सुपाएवढं, त्याच्या पर्णरंध्रांतून पाणी सतत उडून जातं. उन्हाळ्यात असली पानं पोसणं परवडत नाही, तेव्हा झाड ती टाकून देतं आणि उघड्या फांद्यांनी वैशाख काढतं. साल वृक्षाची रीत निराळी. त्याची जुनी पानं गळत असतानाच नवी फुटतात, पूर्ण उघडा तो सहसा होत नाही. मध्य प्रदेशात पेंच सागाचं आणि कान्हा सालाचं. दोघांच्या मुलखांची हद्द याच भागातून जाते. कान्हाच्या बारशिंग्याची गोष्ट मात्र झाडांची नाही. 1970च्या सुमारास तिथे अवघे 66 बारशिंगे उरले होते. या हरणाचं पोट गवतावर आणि पाडसं लपतात तीही उंच गवतात. त्याला वाचवायचं तर गवताळ मैदानं जपावी लागली, आणि ती जपल्यावर कळप पुन्हा वाढले.

हिमालयात हिशेब पावसाइतकाच थंडीचा असतो. हजार मीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, आणि साल, चीड, देवदार, भूर्ज असे मुक्काम करत झाडं संपतात. त्यावर हिमबिबट्याचा मुलूख. सुंदरबनात हिशेब मिठाचा आणि भरती-ओहोटीचा. हे दोन्ही प्रदेश स्वतंत्र लेखांचे विषय आहेत. मला परत माळावर यायचं आहे, कारण त्याच्यावर सगळ्यात मोठा अन्याय झाला आहे.

माळरान म्हणजे जंगल तोडून उरलेली उजाड जमीन, असा आपला पक्का समज आहे. सरकारी नोंदींतही त्याची गणना बहुतेकदा पडीक जमिनीत होते. जमिनीने दिलेली साक्ष वेगळी आहे. उष्ण प्रदेशातल्या बऱ्याच गवतांची प्रकाशसंश्लेषणाची पद्धत झाडांहून निराळी असते. या पद्धतीत कडक उन्हात कमी पाण्यावर भागतं, आणि कार्बनच्या समस्थानिकांच्या प्रमाणात तिची खूण मातीत उरते. शिवालिकच्या थरांमधल्या अशा खुणा सांगतात की अशी गवतं सुमारे 80 ते 60 लाख वर्षांपूर्वीच तिथे फोफावली होती. तेव्हा कुऱ्हाड चालवायला माणूस नव्हता.

आपल्या देशावरचा पुरावा तर चक्क मराठीतून आला. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी जुन्या मराठी वाङ्मयातले आणि लोकपरंपरेतले झाडाझुडपांचे उल्लेख तपासले आणि 2025 मध्ये निष्कर्ष मांडले. पश्चिम महाराष्ट्रातल्या ज्या 44 रानवनस्पती त्यांना सापडल्या, त्यांतल्या निम्म्याहून अधिक माळावरच्याच निघाल्या. सातशे-साडेसातशे वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांना इथे दिसत होतं तेही बोरी-बाभळींचं, गवताचंच रान.

हे रान किती घडीव आहे ते कुसळी गवतात पाहावं. दिवाळीनंतर माळावरून चालून आलं की कपड्यांत कुसळं रुततात आणि वैताग येतो. एक कुसळ काढून त्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहा. पिळा घातलेली ती शेपटी ओलाव्याने उलगडत फिरू लागते, वाळली की पुन्हा पीळ घेते. या फिरण्यामुळे टोकाचं बी गिरमिटासारखं मातीत शिरतं, उन्हापासून आणि वणव्यापासून वाचतं.

माळावरचे प्राणीही मोकळेपणाला बांधलेले आहेत. काळवीट दूरवर नजर ठेवतो आणि संकट दिसलं की पळतो. धाविक आणि माळढोक उघड्या जमिनीवर अंडी घालतात. माळढोकासाठी सोलापूरजवळ नान्नजला 1979 मध्ये अभयारण्य झालं, पण आज देशभरात मोकळ्या रानात हा पक्षी दीडशेच्या आसपासच उरला आहे आणि त्यातले बहुतेक राजस्थानात. माळावर चर खणून गिरिपुष्पाच्या रांगा लावल्या की आकडेवारीत हिरवाई वाढते. या पाखरांची जागा मात्र जाते. लांडगा आणि खोकडही मग शेतांकडे सरकतात. झाडं लावणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, म्हणून तर हे पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं: हे रान झाडांची वाट पाहत बसलेलं नाही.

फलटण-बारामतीकडच्या मेंढपाळ धनगरांना हे कुणी शिकवावं लागलं नाही. पावसाळ्यात कोकणच्या चिखलात मेंढी तगत नाही, तेव्हा त्यांचे कळप माळाच्या गवतावर असतात. दिवाळीच्या आसपास माळ वाळू लागला की घोड्यांवर बिऱ्हाड लादून ते घाट उतरतात, कापणी झालेल्या भातखाचरांत मेंढ्या बसवतात, आणि मृगाच्या आधी पुन्हा देशावर परततात.