बुरूज नसलेला रणगाडा : जर्मन ‘श्टुग’ची घडण

पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षात जर्मन पायदळ खंदक ओलांडून पुढे सरके, तेव्हा मशीनगनची ठाणी फोडण्यासाठी लागणारी तोफ घोड्यांच्या आणि माणसांच्या बळावर खाचखळग्यांतून ओढत न्यावी लागे आणि बहुधा ती मागेच राहून जाई. ही उणीव ओळखून एरिख फॉन मान्श्टाइन या अधिकाऱ्याने 1935 साली पायदळासोबत चालणाऱ्या चिलखती तोफगाड्यांचा प्रस्ताव मांडला. पुढच्याच वर्षी डायमलर-बेंझकडे गाडीचे आणि क्रुपकडे 75 मिलिमीटर तोफेचे काम सोपवले गेले. ‘श्टुर्मगेशुट्झ’ म्हणजे चढाईची तोफ. ‘श्टुग’ हे तिचे लघुरूप.

पान्झर-3 रणगाड्याचा सांगाडा घेऊन त्यावरचा फिरता बुरूज काढून टाकणे, हा या रचनेचा गाभा होय. बुरूज ज्या कड्यावर फिरतो त्याच्या व्यासावर तोफेचा आकार अवलंबून असतो, कारण गोळा सुटताना मागे येणाऱ्या तोफेला आणि गोळा भरणाऱ्या सैनिकाला त्या कड्याच्या आत जागा लागते. पान्झर-3 चे कडे लहान होते. तोफ थेट सांगाड्यात बसवल्यावर ही मर्यादा उरली नाही, शिवाय गाडीची उंची जेमतेम दोन मीटर राहिली आणि ती झुडपाआड सहज लपू लागली.

1940 साली फ्रान्सच्या मोहिमेत या गाड्या प्रथम लढल्या, पण त्या अगदी मोजक्या होत्या. खरी कलाटणी मिळाली ती 1941 मध्ये सोव्हिएत टी-34 रणगाड्याशी गाठ पडल्यावर. आखूड नळीच्या तोफेचा चिलखतभेदी गोळा सेकंदाला सुमारे 385 मीटर वेगाने सुटे, तर 1942 मध्ये आलेल्या लांब नळीच्या तोफांपैकी सर्वांत लांब तोफेचा वेग सुमारे 790 मीटर होता. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते; त्यामुळे तेवढ्याच वजनाच्या गोळ्याची ऊर्जा चौपटीहून अधिक झाली आणि पायदळाची सोबतीण रणगाड्यांची शिकारी बनली. माझ्या मते रचनेची दूरदृष्टी इथेच दिसते, कारण पान्झर-3 च्या बुरुजात ही लांब तोफ मावलीच नसती.

बुरूज नसल्यामुळे मात्र तोफ दोन्ही बाजूंना थोडेच अंश वळे. लक्ष्य त्यापलीकडे असेल तर चालकाला अख्खी गाडी वळवावी लागे आणि एखादा पट्टा तुटला की आतले चौघे सैनिक बाजूने येणाऱ्या शत्रूसमोर हतबल होत.