उच्च कार्यक्षमतेची गॅस फर्नेस

उच्च कार्यक्षमतेची गॅस फर्नेस (कंडेन्सिंग फर्नेस) : नैसर्गिक वायू किंवा प्रोपेन जाळून घराची हवा तापवणारे यंत्र. अमेरिका आणि कॅनडाच्या थंड भागांत ते बहुधा बेसमेंटमध्ये असते. भट्टी म्हटले की धगधगती आग डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात हे पत्र्याचे उंच, बंद कपाट असते आणि त्यातली गरम हवा डक्टमधून खोल्याखोल्यांत जाते. टोरँटो, शिकागो, एडमंटनला नवे घर घेतलेल्या मराठी कुटुंबांनी असे यंत्र आधी कधी हाताळलेले नसते. त्यामुळे त्याच्या खोड्या पहिल्याच हिवाळ्यात शिकाव्या लागतात.

वर्षभरात जळलेल्या इंधनातली किती उष्णता घराला मिळाली, हे ‘एएफयूई’ या टक्केवारीने सांगतात. चिमणीला जोडलेल्या साध्या फर्नेसचा हा आकडा ८० च्या आसपास, अगदी जुन्यांचा त्याहूनही कमी. कंडेन्सिंग फर्नेसचा ९० ते ९८. साध्या फर्नेसमध्ये गरम धूर सरळ चिमणीतून निघून जातो. कंडेन्सिंग फर्नेसमध्ये तो स्टेनलेस स्टीलच्या दुसऱ्या उष्णता-विनिमयकातून फिरवतात. साधारण ५५ अंश सेल्सिअसखाली आला की धुरातल्या वाफेचे पाणी होते आणि वाफेतली उष्णता घराच्या हवेला मिळते. लेनॉक्स कंपनीची १९८२ मधली ‘पल्स’ ही अशा सुरुवातीच्या घरगुती फर्नेसपैकी एक. कॅनडात २०१९ पासून नव्या घरगुती गॅस फर्नेसला किमान ९५ टक्के कार्यक्षमता सक्तीची आहे.

या बचतीबरोबर दोन गोष्टी येतात. साठणारे पाणी आम्लयुक्त असते, आणि थंडावलेला धूर आपणहून वर चढत नाही, त्याला पंख्याने ढकलावे लागते. बसवणीचे आणि देखभालीचे बहुतेक नियम या दोहोंतून निघालेले आहेत.

बसवणी : गॅसच्या जोडण्या परवानाधारक तंत्रज्ञानेच कराव्यात, ओंटारिओत हा परवाना टीएसएसए ही सुरक्षा संस्था देते. काही ठिकाणी घरमालकाला स्वतः काम करण्याची मुभा असली, तरी ती घेऊ नये. क्षमता ठरवताना जुन्या यंत्रावरचा आकडा उतरवून न घेता भिंती, खिडक्या आणि इन्सुलेशन पाहून उष्णतेचा हिशेब मांडावा लागतो. गरजेपेक्षा मोठी फर्नेस दर काही मिनिटांनी चालू-बंद होत राहते. घर एकसारखे तापत नाही आणि सुटे भाग लवकर झिजतात.

धूर थंड असल्यामुळे तो प्लास्टिकच्या पाइपातून भिंतीबाहेर नेता येतो. कॅनडात या पाइपांना यूएलसी एस६३६ हे प्रमाणपत्र लागते. पाइपाचा उतार फर्नेसच्याच दिशेने, दर फुटाला पाव इंच, असा ठेवतात; मध्ये झोळ पडला तर तिथे पाणी साचून धुराची वाट अडते. जुनी फर्नेस काढताना एक धोका हमखास नजरेआड होतो. तिच्याबरोबर गॅसचा वॉटर हीटरही त्याच चिमणीत धूर सोडत असेल, तर आता एकट्या हीटरसाठी ती चिमणी फार मोठी ठरते, पुरेशी तापत नाही आणि धूर घरात परत येऊ शकतो. कोटेशन घेताना ‘हीटरच्या चिमणीचे काय?’ हे विचारायलाच हवे.

कार्बन मोनॉक्साइड : या वायूला रंग नाही, वास नाही. बंद बाथरूममधल्या गॅस गीझरमुळे भारतात जे मृत्यू होतात, ते याच वायूने. जानेवारी २००५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील प्लिमथ येथे हिमवादळात एका घराच्या हीटिंगचे बाहेरचे तोंड बर्फाने बुजले आणि सात वर्षांच्या मुलीचा जीव गेला. त्यानंतर त्या राज्याने घरात कार्बन मोनॉक्साइड अलार्म सक्तीचा केला. तो कायदा तिच्याच नावाने, ‘निकोल्स लॉ’ म्हणून, ओळखला जातो.

फर्नेसमध्ये प्रेशर स्विच असतो; पाइप तुंबला की तो गॅस सुरूच होऊ देत नाही. तरी मोठी हिमवृष्टी झाली की बाहेर जाऊन दोन्ही पांढऱ्या पाइपांची, म्हणजे हवा आत घेणाऱ्या आणि धूर सोडणाऱ्या पाइपांची, तोंडे हाताने मोकळी करावीत. अलार्म प्रत्येक मजल्यावर आणि झोपण्याच्या खोल्यांजवळ हवा. अमेरिकी मानकानुसार ७० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग वायू) तो एक ते चार तासांनी वाजतो. म्हणून घरात दोघा-तिघांचे डोके एकाच वेळी दुखू लागले, मळमळू लागले आणि बाहेर गेल्यावर बरे वाटले, तर अलार्मची वाट न पाहता सर्वांनी बाहेर पडून अग्निशमन दलाला फोन करावा. गॅसचा वास आला तरी तसेच: दिव्याचे बटणही न दाबता बाहेर.

देखभाल : घरच्यांकडे मुख्य काम फिल्टरचे. एक इंची फिल्टर एक ते तीन महिन्यांत बदलावा. त्याच्या कडेवरचा बाण फर्नेसच्या ब्लोअरकडे (हवा ढकलणाऱ्या पंख्याकडे) असावा. साठलेले पाणी बाहेर नेणारी नळी वाकलेली किंवा शेवाळलेली नाही ना, तेही पाहावे. ब्लीच, रंग, थिनर फर्नेसच्या खोलीत ठेवू नयेत. गणपतीच्या मखराचे कापड आणि खोकीही तीन फूट दूर असावीत.

वर्षातून एकदा, थंडीआधी, तंत्रज्ञाने फ्लेम सेन्सर (ज्वाला पेटली का ते ओळखणारा भाग), ज्वाला, उष्णता-विनिमयक आणि पाण्याचा ट्रॅप (निचऱ्याच्या वाटेवरचा वाकडा भाग) तपासावा. फर्नेस पुन्हा पुन्हा आपोआप बंद पडत असेल, तर स्विच उघड-मीट करून रेटू नये. कपाटातला छोटा दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजून तंत्रज्ञाला सांगावे.

डिसेंबरात भारतात जाणाऱ्यांनी फर्नेस बंद करून जाऊ नये, नळ गोठून फुटतात. थर्मोस्टॅट १३ अंशांच्या खाली न नेता ठेवावा, पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करावा आणि शेजाऱ्याकडे किल्ली द्यावी. बर्फ पडल्यावर बाहेरच्या पाइपांची तोंडे पाहायलाही त्यालाच सांगून ठेवावे.