लाल झुडपाचा चहा: कॅफीन नसलेल्या एका पेयाची कुळकथा

रात्री दोन-दोन वाजेपर्यंत डोळ्याला डोळा लागेना, म्हणून डॉक्टरांनी माझ्या मावशीचा संध्याकाळचा चहा बंद केला. मावशी दुसऱ्याच दिवशी दुकानातून ग्रीन टीचं खोकं घेऊन आली आणि जेवण झाल्यावर कपभर प्यायला लागली. झोप कुठली येतेय! ग्रीन टी, व्हाइट टी, उलाँग आणि आपला टपरीवरचा कडक चहा ही सगळी एकाच झाडाची पानं. त्या झाडाचं नाव कॅमेलिया सायनेन्सिस, आणि कॅफीन त्याच्या पानातच असतं. खोक्यावर 'हर्बल' छापलंय म्हणजे सुटलो, असंही नाही. दक्षिण अमेरिकेतली येर्बा माते चहाच्या कुळातली नाही, तरी तिच्यात कॅफीन भरपूर. आपल्या परसातल्या गवती चहाच्या पातीत ते मुळीच नसतं, पण आपण ती पात दोन चमचे चहापत्तीबरोबर उकळतो, त्याला काय करणार?

कॅफीन हा पदार्थ हाती लागला तो कॉफीतून. १८१९ साली जर्मनीतल्या येना इथे फ्रीडलीब रुंगं नावाचा तरुण रसायनशास्त्रज्ञ मांजराच्या डोळ्यात बेलाडोना या विषारी वनस्पतीचा अर्क घालून बाहुली कशी विस्फारते ते दाखवत होता. बघायला खुद्द कवी गटे होते. खूश होऊन त्यांनी रुंगंला कॉफीच्या बिया दिल्या आणि यांतही काय आहे ते शोध म्हणून सांगितलं. रुंगंने शोधलं. १८२७ मध्ये चहातूनही असाच पदार्थ निघाला, त्याला 'थेईन' असं वेगळं नाव मिळालं. दोन्ही एकच आहेत हे १८३८ मध्ये सिद्ध झालं. 'कॉफीतलं बाधतं, चहातलं बाधत नाही' असं आजही म्हणणारे भेटतात, ते अजून १८२७ मध्येच आहेत.

पुढे कॅफीन काढून टाकायची खटपट सुरू झाली. जर्मनीतल्या ब्रेमेनचे कॉफीव्यापारी लुडविग रोझेलियुस यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याची पद्धत बसवली. वडील अति कॉफीपायी गेले अशी त्यांची समजूत होती. बिया वाफवून त्यातलं कॅफीन ते बेंझीनने काढायचे. बेंझीनने कर्करोग होतो हे कळल्यावर ती पद्धत मागे पडली. आता दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड किंवा इथाइल ॲसिटेट वापरतात. तरीही डीकॅफ, म्हणजे कॅफीन काढलेल्या, चहाच्या कपात दोन-चार मिलिग्रॅम उरतंच. साध्या चहाच्या कपात साधारण ३० ते ५० असतं, म्हणजे उरलेलं फार नाही, पण शून्यही नाही.

ज्यात कॅफीन मुळातच नाही अशा पेयांत जगभर सर्वांत नाव कमावलं ते रॉयबॉसने. दक्षिण आफ्रिकेतल्या आफ्रिकान्स भाषेत याचा अर्थ 'लाल झुडूप'. मात्र झुडूप स्वतः हिरवंच असतं. केप टाउनच्या उत्तरेला दोनेकशे किलोमीटरवर सेडरबर्गचे डोंगर आहेत. तिथल्या वाळूसारख्या, आंबट, निकस जमिनीत ते उगवतं. पानं सुईसारखी, फुलं पिवळी, शेंग इवलीशी. तूर-हरभऱ्याच्या कुळातलं असल्यामुळे ते मुळांवरच्या गाठींतून नत्राची सोय आपली आपण करतं. उन्हाळ्यात विळ्याने फांद्या कापायच्या, बारीक चिरायच्या, चेचायच्या, पाणी शिंपडून ढीग घालायचा. रात्रभरात ढीग तापतो, घाम सुटल्यासारखा ओलावतो आणि हिरव्याचा विटकरी होतो. वास येतो मधासारखा गोडसर. सकाळी तो खळ्यावर पसरून उन्हात वाळवायचा. ही रीत मुळात डोंगरातल्या लोकांची. आता चिरायला कुऱ्हाडीच्या जागी यंत्र आलंय, खळं मात्र तसंच आहे.

बऱ्याच जाहिरातींत या चहाचा इतिहास १७७२ पासून सुरू होतो. कार्ल थुनबर्ग हा स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ त्या वर्षी केपला आला आणि त्याने स्थानिकांना हा चहा पिताना पाहिलं, असं छापलेलं असतं. पण थुनबर्गने चहासाठी म्हणून नाव लिहिलंय ते 'बोर्बोनिया कॉर्डाटा' या झुडपाचं. ते रॉयबॉसचं नातलग, रॉयबॉस नव्हे. खोक्याच्या पाठीमागचा इतिहास जरा चिमटीत धरूनच वाचावा.

व्यापाराचा माग नीट लागतो तो १९०४ पासून. त्या वर्षी बेंजामिन गिन्सबर्ग हा रशियातून आलेला ज्यू व्यापारी डोंगरातल्या लोकांकडून हा पाला विकत घेऊन विकू लागला. त्याच्या कुटुंबाचा चहाव्यापाराशी आधीपासून संबंध होता. अडचण एकच होती, सगळा माल रानातला. बी पेरावं तर उगवत नव्हतं. क्लॅनविल्यम गावचे डॉक्टर ल फ्रास नॉर्टिए यांनी १९३० च्या सुमारास ते कोडं सोडवलं. बियांचं कवच टणक असतं, ते जात्यावर हलकं घासलं की अंकुर फुटतो. पण मुळात बी मिळायचं कुठून? शेंग पिकली की तडकते आणि बी वाळूत हरवतं. नॉर्टिए काडेपेटीभर बियांना पाच पौंड द्यायचे, अशी कथा आहे. खोई या तिथल्या मूळ रहिवासी समाजातली एक बाई रोज इतरांपेक्षा कितीतरी जास्त बी आणायची. मुंग्या बी ओढून वारुळात साठवतात हे तिने हेरलं होतं, ती सरळ वारूळच उकरायची. नॉर्टिएंना स्टेलेनबॉश विद्यापीठाने १९४८ मध्ये मानद डॉक्टरेट दिली. त्या बाईचं नाव कुठे नाही.

दुसऱ्या महायुद्धात आशियातून येणारा चहा अडला तेव्हा रॉयबॉसची चलती झाली. युद्ध संपलं आणि भाव कोसळले. मग सहकारी संस्था निघाली, १९५४ मध्ये सरकारी नियंत्रण मंडळ आलं. एवढ्या सगळ्या काळात 'आरोग्यासाठी प्या' असं फारसं कुणी म्हणत नव्हतं. गरिबाचा चहा, स्वस्तातला चहा, हीच त्याची ओळख.

आरोग्याची पताका लागली ती १९६८ मध्ये, आणि ती कुठल्या प्रयोगशाळेतून आली नाही. आनिक थेरॉन या आईचं तान्हं बाळ सतत रडायचं, दूध ओकायचं, झोपायचं नाही. एकदा तिने बाळाच्या दुधात रॉयबॉस मिसळला आणि बाळ शांत झोपलं. तिने ओळखीपाळखीच्या आयांना सांगितलं, पुस्तक लिहिलं, पुढे सौंदर्यप्रसाधनांचा धंदा उभा केला. आपल्याकडच्या बाळंतशेपाच्या पाण्यासारखीच ही गोष्ट: एका घरात गुण आला, शेजारणीने विचारलं, मग गावभर झालं. बाळ झोपलं हे खरंच असेल. पण एका बाळावरून सगळ्या बाळांचं ठरवता येत नाही, आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला असले प्रयोग करूच नयेत.

शास्त्रज्ञ मागून आले. रॉयबॉसमध्ये ॲस्पॅलॅथिन नावाचं अँटिऑक्सिडंट सापडलं, त्यावरचं बरंचसं काम परीक्षानळीत आणि उंदरांवर झालंय. २०११ मध्ये हृदयविकाराचा धोका असलेल्या ४० जणांना सहा आठवडे रोज सहा कप पाजून पाहिलं, तेव्हा वाईट कोलेस्टेरॉल उतरलं आणि चांगलं वाढलं. माणसं फक्त चाळीस, आणि रोज सहा कप! एवढ्यावर औषधाची गोळी बंद करायची नसते.

मला त्याहून कामाचा वाटतो तो १९७९ चा एक जुना अभ्यास. दक्षिण आफ्रिकेत तरुणांना लोह देऊन सोबत वेगवेगळी पेयं दिली. पाण्याबरोबर लोह शोषलं गेलं ९.३४ टक्के, रॉयबॉसबरोबर ७.२५, साध्या चहाबरोबर १.७० टक्के. अभ्यास छोटाच, पण कारण समजण्यासारखं आहे: साध्या चहात टॅनिन जास्त आणि ते लोह अडवतं. जेवणाच्या ताटावरच चहाचा कप घेऊन बसणाऱ्या, हिमोग्लोबिन नऊवर अडकलेल्या आपल्या घरच्या बायकांना हा आकडा दाखवावा. टॅनिन कमी असल्यामुळेच रॉयबॉस दहा मिनिटं उकळला तरी कडवट होत नाही. मी तो सवयीने आलं, साखर, दूध घालून केला. रंग गाजराच्या हलव्यासारखा आला. सासूबाई म्हणाल्या, "चहा नाही हो हा, पण काढाही नाही." तरी कप संपवला.

नावावरूनही भांडणं झाली. १९९४ मध्ये अमेरिकेत एका कंपनीने 'रॉयबॉस' हा शब्दच आपला म्हणून नोंदवला, तो सोडवून घ्यायला २००५ उजाडलं. २०१९ मध्ये रॉयबॉस उद्योगाचा खोई आणि सान या मूळ रहिवासी लोकांशी करार झाला: शेतावरच्या भावाच्या दीड टक्का रक्कम त्यांच्याकडे जाईल, कारण झुडपाचं मूळ ज्ञान त्यांचं. २०२१ मध्ये युरोपीय संघाने या नावाला भौगोलिक संरक्षण दिलं.

खोकं घेताना घटकांची यादी वाचा. 'रॉयबॉस मिश्रण' म्हणून कधी कधी साधी चहापत्ती मिसळलेली असते. रक्तदाब असेल तर ज्येष्ठमध किती घातलंय ते बघा, तो रक्तदाब वाढवतो. कॅमोमाइल शेवंतीच्या कुळातलं, त्या फुलांची ॲलर्जी असणाऱ्यांनी जपून प्यावं. गरोदरपणात दिवसाला २०० मिलिग्रॅम कॅफीनपर्यंत चालतं असं युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये म्हटलंय. म्हणजे एक-दोन कप साध्या चहाने आभाळ कोसळत नाही.

मावशीला मी रॉयबॉस नेऊन दिला होता. भाव ऐकून तिने खोकं कपाटात ठेवलं, पाहुण्यांसाठी. स्वतः रात्री गवती चहाची पात, सुंठ आणि गूळ उकळून पिते. चहापत्तीचा डबा मात्र तिने वरच्या फळीवर, हात पोचणार नाही असा ठेवलाय.