सेडरचं ताट आणि मलिद्याचं ताट

बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू, शेजाऱ्यांकडे वर्षातून दोनदा बोलावणं आलं, की बिगर-ज्यू पाहुण्याचा घोळ ठरलेला. दोन्ही वेळा मधोमध ठरावीक पदार्थांचं ताट, हिब्रूत म्हटलेली आभाराची वचनं, मग गाणं आणि खाणं. एलियाहू हन्नबी या बायबलमधल्या प्रेषिताचं नावही दोन्हीकडे येतं. बाहेर पडताना पाहुणा म्हणतो, 'त्यांची पूजा होती.' पूजा तर दोन्हींपैकी एकही नाही. पहिलं बोलावणं पेसाहच्या, म्हणजे इजिप्तमधून सुटकेच्या सणाच्या, सेडर नावाच्या विधीभोजनाचं असतं, दुसरं आभार मानायला केलेल्या मलिद्याचं.

सेडरची तारीख पक्की असते. हिब्रू पंचांगातल्या निसान महिन्याच्या पंधराव्या रात्री, म्हणजे पौर्णिमेला. आपल्या पंचांगासारखंच तेही चांद्र महिने सूर्याशी जुळवण्यासाठी अधिक महिना धरतं, त्यामुळे सेडर बहुतेक वर्षी हनुमान जयंतीच्या आगेमागे येतो. इस्रायलबाहेर दोन रात्री करण्याची पद्धत आहे. मलिद्याला तारीख लागत नाही, कारण लागतं. घरात लग्न आहे, मुलाची सुंता झाली, नवं घर घेतलं, कुणी आजारातून उठलं, कुणी कायमचं इस्रायलला निघालं, नवस फेडायचा आहे. अशा वेळी शक्यतो मिनयान, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेसाठी लागणारे दहा पुरुष, जमवतात आणि मलिदा करतात.

ताटं नीट पाहिली तर फरक लगेच कळतो. सेडरच्या ताटातला प्रत्येक पदार्थ काहीतरी सांगण्यासाठी ठेवलेला असतो. कडू पाला इजिप्तमधल्या गुलामगिरीचा, गोड लगदा तिथल्या विटांच्या चिखलाचा, भाजलेलं हाड यज्ञातल्या कोकराचं. शेजारी मत्सा, म्हणजे बेखमीर भाकरी. पळून जाताना पीठ फुगायला वेळ नव्हता म्हणून. पोटभर जेवण नंतर येतं, आणि बरंच उशिरा येतं. मलिद्याच्या ताटात मात्र खाण्यासाठीच सगळं असतं. भिजवलेले पोहे, त्यात साखर किंवा गूळ, खवलेला नारळ, वेलची, सुका मेवा. भोवती फळं आणि एखादा सुवासिक पाला किंवा फूल. झाडाच्या फळाची बेराखा, म्हणजे आभाराचं वचन, वेगळी, जमिनीतून येणाऱ्याची वेगळी, धान्याची वेगळी, सुगंधाची वेगळी. केळ फळांच्या ओळीत बसलेलं दिसलं तरी त्याची बेराखा जमिनीच्या पिकाची, कारण ज्यू शास्त्रानुसार केळीला झाड धरत नाहीत. ताटातली ही वर्गवारी मला फार आवडते: भूक लागलेली असतानाही आधी वनस्पतीची जात तपासायची!

शिकवणं या एका बाबतीत सेडरचा हात कुणी धरणार नाही. तो मुळात मुलांसाठी रचलेला वर्गच आहे. घरातलं सगळ्यात लहान मूल 'मा निश्तना' म्हणून विचारतं की ही रात्र इतर रात्रींपेक्षा वेगळी का, आणि मोठ्यांना इजिप्तमधून सुटकेची सगळी कथा हग्गादा नावाच्या पुस्तकातून वाचावी लागते. त्या पुस्तकात चार प्रकारच्या मुलांची नोंद आहे: शहाणा, वात्रट, भोळा आणि ज्याला प्रश्नच विचारता येत नाही तो. चौघांना उत्तरं वेगवेगळी द्यायची. मुलं झोपू नयेत म्हणून मत्साचा एक तुकडा, आफिकोमान, लपवून ठेवायचीही चाल आहे. तो सापडल्याशिवाय जेवण संपत नाही. वाइनचे चार प्याले असतात. आपल्याकडे त्यासाठी मनुका भिजवून काढलेला रस पूर्वापार चालत आला आहे. मलिद्यात असं कुणी समजावून सांगत बसत नाही. हजान, म्हणजे प्रार्थना म्हणणारा, म्हणतो, बाकीचे साथ देतात, मुलं ताटल्या वाटता वाटता चाल उचलतात.

आता एलियाहूचं. बायबलमध्ये तो मरत नाही, अग्निरथातून स्वर्गात जातो. म्हणून तो कधीही, कुठेही येऊ शकतो असं मानतात. सेडरमध्ये त्याच्यासाठी एक प्याला भरून ठेवतात आणि दार उघडतात. तो अजून यायचा आहे, मसीहाची, म्हणजे येणाऱ्या तारणहाराची, वर्दी घेऊन. कोकणातल्या बेने इस्रायलांच्या लेखी मात्र तो येऊन गेलेला आहे. अलिबागजवळच्या खंडाळ्यात एका खडकावरच्या खुणा त्याच्या रथाच्या चाकांच्या आणि घोड्यांच्या टापांच्या असल्याचं सांगतात, आणि लोक तिथे नवस बोलायला नि फेडायला जातात. मलिद्यात त्याचं गाणं म्हणतात ते झालेल्या कामाबद्दल. मागणं आणि आभार दोन्ही देवाचेच, एलियाहू साक्षीला.

यावरून बाहेरचे, आणि कधी कधी समाजातलेही, एक निष्कर्ष काढतात: सेडर अस्सल, मलिदा इथून तिथून उचललेला. मला तो उलट वाटतो. सेडर जगभरचे ज्यू करतात, मलिदा फक्त बेने इस्रायल, एवढं खरं. पण नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आलेल्या पूर्वजांची आठवण सांगणाऱ्या, तेलाचे घाणे चालवून शनिवार पाळणाऱ्या या 'शनवार तेल्यां'कडे पुस्तकं नव्हती. पेसाहचं त्यांचं जुनं नावच 'अनशी ढाकायचा सण'. आंबट रसाचं मडकं आठवडाभर झाकून ठेवायचं, एवढं त्यांना आठवत होतं. पुरीम या ज्यू सणाला ते होळीचा सण म्हणत, आव महिन्याच्या नवव्या दिवशीच्या उपासाला बिरड्याचा सण, आणि एलियाहूचा चक्क उरूस असे. हग्गादा वाचून करायचा सेडर त्यांच्याकडे पसरला तो १९व्या शतकात, कोचीहून आलेल्या ज्यू शिक्षकांमुळे आणि छापखान्यामुळे. मराठी भाषांतरासह हग्गादा मुंबईत १८४६ साली शिळाछापावर निघाली. १८७४ साली पुण्यात निघालेल्या हग्गादेत चित्रं होती, आणि त्यात मत्सा लाटणाऱ्या बायका साडीत आहेत. म्हणजे जगभर सारखा म्हणतात तो विधी इथे मराठी पोथीतून शिकला गेला, आणि स्थानिक म्हणतात तो पोथीशिवाय टिकला. मलिदा हा पदार्थ दर्ग्यातही चढवतात, म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी उरुसाचं नावही जरा आठवावं. कोकणातल्या गावात शेजारी एकमेकांची भांडी वापरणारच.

दोन्हींची सरमिसळ खरोखर होते ती तू बिश्वातच्या दिवशी. हिब्रू शेवात महिन्याच्या पंधराव्या दिवशी, जानेवारी-फेब्रुवारीत, झाडांचं नवं वर्ष असतं. १६व्या शतकात, आज इस्रायलमध्ये असलेल्या त्सफात गावच्या ज्यू गूढवाद्यांच्या प्रभावातून त्या रात्री फळांचा 'सेडर' करायची रीत पुढे पसरली. चार प्याले पांढऱ्याकडून लाल रंगाकडे जातात. नेमका हाच दिवस बेने इस्रायलांमध्ये एलियाहूच्या उरुसाचा आणि मोठ्या सामुदायिक मलिद्याचा, इथेही आणि इस्रायलमध्येही. तेव्हा निमंत्रणात 'तू बिश्वात' एवढंच लिहिलं असेल, तर कोणतं ताट वाढलं जाणार हे विचारून घेतलेलं बरं.

भेट काय न्यायची, याचं उत्तर मात्र सोपं आहे. मलिद्याला फळं, फुलं, नारळ काहीही चालेल. सेडरला पाव, केक, बिस्किटं, फरसाण यांतलं काहीही नेऊ नका; त्या आठवड्यात गव्हा-जवाचा फुगलेला कणही घरात ठेवत नाहीत, आणि यजमानाने घर त्यासाठीच झाडून काढलेलं असतं. आणि तिकडे जायच्या आधी थोडं खाऊन घ्या. हग्गादा अर्धीअधिक वाचून होईपर्यंत पानं वाढत नाहीत.