कुत्र्यांना विषारी घरगुती सक्युलंट

पानांत किंवा खोडात पाणी साठवणाऱ्या मांसल शोभेच्या झाडांपैकी काही कुत्र्यांना विषारी असतात. गोव्यात ही झाडे एरवी बाल्कांवाच्या, म्हणजे घरापुढच्या बैठकीच्या ओसरीच्या, कठड्यावर असतात. जून ते सप्टेंबर या काळात पावसाने मुळे कुजू नयेत म्हणून कुंड्या घरात आणून जमिनीवर ठेवल्या जातात. कुत्राही पावसामुळे घरात अडकलेला असतो. पाने चघळली जाण्याची भीती म्हणूनच या दिवसांत जास्त.

सर्वांत घातक पानफुटी आणि तिच्याच कुळीतला, नर्सरीत मिळणारा फुलांचा कलांचो. यांतली बुफाडायनोलाइड द्रव्ये थेट हृदयावर परिणाम करतात आणि फुलांत त्यांचे प्रमाण अधिक असते. पानफुटी चिऱ्याच्या गडग्यावर आपोआप रुजते. गळलेल्या पानाच्या कडेच्या खाचांतून नवी रोपे फुटतात, त्यामुळे कुंडी उंच ठेवली तरी खाली पडलेले पान कुत्र्याच्या तोंडी लागते. आधी लाळ, उलट्या, जुलाब होतात. मात्रा मोठी असेल तर हृदयाचे ठोके मंद किंवा अनियमित पडतात. कण्हेरीच्या कुळातले अडेनियमही हृदयावरच घाव घालते. त्याची छाटणी केल्यावर चिकाळ तुकडे अंगणात टाकू नयेत.

कोरफड औषधी म्हणून कुत्र्याला निरुपद्रवी, हा गैरसमज मोठा आहे. पान कापून उभे धरले की सालीलगत पिवळा, कडू चीक ओघळतो. हाच वाळवला की काळा बोळ होतो आणि जुलाब होतात ते यानेच. आतला गर तुलनेने निरुपद्रवी असला तरी घरी कापलेल्या पानाचा गर कुत्र्याच्या जखमेवर लावू नये. चीक राहून जातो आणि कुत्रा तो चाटतो.

शेराचे झाड आणि काटेरी युफोर्बिया यांचा पांढरा चीक तोंड सोलवटतो. तो डोळ्यात गेल्यास १५ ते २० मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा. धुणाऱ्याने हातमोजे घालावेत. स्नेक प्लँटमधल्या सॅपोनिन या द्रव्यामुळे बहुधा उलटी-जुलाबच होतात.

जेडच्या बाबतीत ओळख चुकते. खऱ्या जेडचे, म्हणजे क्रासुलाचे, खोड जाड आणि पाने मोठी असतात. ते खाल्ल्यास उलटी, सुस्ती येते, चाल अडखळते. पण आपल्याकडे जेड म्हणून बऱ्याचदा पोर्चुलाकेरिया विकले जाते. त्याची पाने नखाएवढी, कोवळ्या फांद्या तांबूस असतात आणि ते कुत्र्यांना विषारी नाही.

कुत्र्याने झाड खाल्ले तर तोंडातले तुकडे काढून हिरड्या ओल्या फडक्याने पुसाव्यात. मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. मिठाचीच विषबाधा होते, आणि चिकाच्या झाडाने उलटीत घसा पुन्हा भाजतो. दूधही उपाय नव्हे. मागच्या मांडीच्या आतल्या बाजूला बोटे टेकवून १५ सेकंद नाडी मोजावी व ४ ने गुणावे. शांत बसलेल्या कुत्र्याची नाडी मिनिटाला साधारण ६० ते १४० असते. पानफुटी, कलांचो किंवा अडेनियम असेल तर लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्य गाठावा. खाल्लेल्या झाडाची फांदी, खाल्ल्याची वेळ आणि कुत्र्याचे वजन सोबत न्यावे. पोटातले विष शोषून घेणाऱ्या सक्रिय कोळशाची मात्रा वजनावर ठरते.

हौस भागवायला हावर्थिया आणि एचेव्हेरिया कुत्र्यांना निर्धोक आहेत. हावर्थिया छोट्या कोरफडीसारखी दिसते, म्हणून विकत घेताना पानाचे टोक मोडून पाहावे: पिवळा, कडू चीक आला तर ती कोरफड.